आडोसा गेला तेव्हा

बसवनगुडीचे रस्ते रुंद आहेत ते प्लेगमुळे. ऑगस्ट १८९८ मध्ये साथ रेल्वेच्या वाटेने बंगळुरूच्या जुन्या पेठेत शिरली आणि चिकपेठ-बळेपेठेतली दाटी मोडायची निकड म्हैसूर सरकारला जाणवली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती त्याच सुमाराला आकाराला आल्या. सरळ रस्ते, घरापुढे अंगण, पाठीमागे सफाईवाल्यांसाठी बोळ, दोन घरांमध्ये वारा खेळेल एवढी जागा. साथीच्या कामात निरोप लवकर पोचावेत म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा ओढल्या गेल्या त्याही तेव्हाच. नंदीच्या देवळाभोवतीची ही वस्ती पुढे सोवळी, वाचनवेडी, फिल्टर कॉफीच्या वासाची म्हणून नावारूपाला आली. तिचा जन्म साथीतला आहे हे गांधी बाजारात डोसा खाताना कुणाच्या मनात येत नाही.

प्लेग म्हटलं की मराठी माणसाला आधी पुणं आठवतं. प्लेगची गाठ जांघेत नाहीतर काखेत येते, त्यामुळे तपासणी तिथेच व्हायची, आणि ती करायला गोरे सोल्जर घरात घुसायचे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली त्यामागे हा राग होता. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची अब्रू सुरक्षित नाही असं उघड सांगितलं होतं. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत गेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत सोल्जरांच्या अत्याचाराचा आरोप केला आणि पुरावा हाती येईना म्हणून परतल्यावर जाहीर माफी मागितली. गोखल्यांच्या माफीची चर्चा आपल्याकडे शंभर वर्षं चालली. रमाबाईंचं पत्र मात्र बाजूलाच पडलं, आणि साथीत बाईच्या शरीराचं काय होतं हा त्यातला प्रश्नही.

फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईने केलेला चार कलमांचा साथरोग कायदा तेवढा टिकला. ११ मार्च २०२० ला कर्नाटक सरकारने कोविडचे नियम काढले ते त्याच कायद्याचा आधार घेऊन. १२३ वर्षांत देश बदलला, कलमं तीच राहिली.

या लेखाचा विषय त्या नियमांच्या फटीत दडलेला आहे. टाळेबंदीत माणसांच्या शरीरसंबंधांचं, पाळीचं, तांबीचं, निरोधाचं, गर्भपाताचं, एचआयव्हीच्या गोळ्यांचं काय झालं, याची गोष्ट ऑक्सिजन आणि खाटांच्या गोष्टीखाली गाडली गेली. ती सांगताना सेवा बंद पडल्या एवढं म्हणून भागत नाही, कारण बऱ्याचशा कागदावर सुरूच होत्या. मेडिकलची दुकानं एक दिवसही बंद नव्हती. बंद झाला तो आडोसा. आपल्याकडे लैंगिक आरोग्याचा सगळा व्यवहार आडोशाने चालतो. भाजी आणायला म्हणून बाहेर पडलेली बाई दवाखान्यात जाऊन येते, माहेरी जाते म्हणून तांबी बसवून घेते. पुरुष आपल्या गल्लीतलं दुकान टाळून दोन बसस्टॉप पुढच्या दुकानात निरोध मागतो. बसवनगुडीसारख्या ठिकाणी, जिथे मेडिकलवाल्याला तुमच्या आजोबांची रक्तदाबाची गोळी तोंडपाठ असते, तिथे तर हे दोन बसस्टॉप फार मोलाचे.

आडोशाची ही गरज या मातीत जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' सुरू झालं. त्या मासिकातला खरा जिवंत भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न. तोंडाने जे घरात, दवाखान्यात, मित्रापाशी विचारता येत नव्हतं ते माणसं पाकिटात घालून पाठवत होती. पोस्टाची पेटी हाच आडोसा. १९३४ मध्ये कर्व्यांवर जो खटला झाला तोही असल्याच प्रश्नोत्तरांवरून, वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं, तरी दंड भरावा लागलाच. मुंबईत हे चाललेलं असताना म्हैसूर संस्थानात उलटाच प्रकार घडला. ११ जून १९३० च्या हुकमाने संस्थानाने बंगळुरू आणि म्हैसूरच्या मोठ्या इस्पितळांत संततिनियमनाची केंद्रं उघडायला मंजुरी दिली. सरकारी खर्चाने चालणारी जगातली पहिली केंद्रं म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. इंग्रजी मुलुखात एका प्राध्यापकाची नोकरी गेली आणि राजाच्या मुलुखात तेच काम इस्पितळाच्या वेळापत्रकात बसलं, हा विनोद कर्व्यांना आवडला असता.

मात्र त्या केंद्रांनी जो पायंडा पाडला तो इस्पितळाचा. बाईने इस्पितळात यावं, तिथे तिची सोय होईल. बसवनगुडीतून दहा-पंधरा मिनिटांत जाता येईल अशा ठिकाणी व्हिक्टोरिया इस्पितळ आहे (१९०० मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते सुरू झालेलं) आणि त्याला लागून वाणीविलास, बायका-मुलांचं. के. आर. मार्केट, कलासीपाळ्य, चामराजपेठ, गविपुरम, हनुमंतनगर इथल्या गरीब बायकांचं सगळं या दोन इमारतींशी बांधलेलं. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात सरकारने व्हिक्टोरिया पूर्णपणे कोविडसाठी राखून ठेवलं. १,७०० खाटांची घोषणा झाली. पुढे कोविडची लागण झालेल्या गरोदर बायकांची बाळंतपणं वाणीविलासने केली, आणि ती मोठी कामगिरी होती यात शंका नाही. पण ज्या बाईला ना कोविड होता ना दिवस भरलेले, जिला फक्त तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन हवं होतं किंवा अंगावरून पांढरं जातंय ते दाखवायचं होतं, तिला फाटकावरचा शिपाई काय सांगणार? मोठ्या इस्पितळाचा बायकांना एक फायदा असतो: तिथे शेकडो कारणांनी माणूस जातं, त्यामुळे कुणी कारण विचारत नाही. ते कोविडचं इस्पितळ झाल्याबरोबर तिथे जायला एकच कारण उरलं, आणि ते सगळ्यांना भिववणारं होतं.

२४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. अत्यावश्यक काय, याच्या याद्या निघाल्या. औषधं होती, दूध होतं. सॅनिटरी पॅडचा उल्लेख मात्र नव्हता. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याला वेगळा खुलासा करून ते यादीत घालावं लागलं. पाळी टाळेबंदीसाठी थांबत नाही हे ध्यानात यायला पाच दिवस लागले. १४ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक सेवांची सूचनापत्रिका काढली तेव्हा गर्भपाताची सेवा तीत धरली होती, हे सरकारच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. नसबंदी आणि तांबी मात्र त्या दिवसांत बहुतेक ठिकाणी थांबवल्या गेल्या. कर्नाटकाच्या दृष्टीने हा घाव वर्मी होता. इथे कुटुंबनियोजन म्हणजे मुख्यतः बाईचं ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातल्या निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांनी ते करून घेतलेलं असतं, आणि पुरुषांची नसबंदी जवळपास शून्य. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन करून मोकळं व्हायचं, हा सरळ हिशेब. ऑपरेशन पुढे ढकललं म्हणजे मधल्या काळासाठी दुसरं काही हाताशी हवं, आणि ते वापरायची सवय ना तिला असते ना नवऱ्याला.

मग उरलं मेडिकल. गांधी बाजाराच्या रस्त्यावर एप्रिलमध्ये दिसणारं दृश्य बहुतेक शहरांत सारखंच होतं. दुकानापुढे पांढऱ्या रंगाने आखलेले चौकोन किंवा गोल, दर तीन-साडेतीन फुटांवर एक. पायरीवर आडवी बांधलेली दोरी, कधी एखादं टेबल, म्हणजे गिऱ्हाईक काउंटरपर्यंत येऊ नये. दुकानदार आत, तोंडाला मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. एरवी काउंटरवर वाकून हलक्या आवाजात जे मागता यायचं, किंवा नुसतं कपाटाकडे बोट दाखवून, ते आता दोरीच्या अलीकडून मोठ्याने सांगायचं. दुकानदार 'काय?' म्हणून परत विचारणार. मागच्या चौकोनात शेजारचे काका, त्यांच्यामागे मुलीच्या शाळेतल्या बाई. घेतलेली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची आपल्या मेडिकलवाल्यांची जुनी चाल इथे कामाची नाही, कारण गुप्तता गुंडाळण्याच्या आधीच संपलेली. मास्कने चेहरा झाकला गेला एवढीच काय ती भरपाई. ४ मेला दारूची दुकानं उघडली तेव्हा कर्नाटकात एका दिवसात ४५ कोटींची विक्री झाली. त्या रांगेत मात्र लोक हसत, फोटो काढून घेत उभे होते.

मेडिकलचा हा काउंटर किती महत्त्वाचा आहे हे आकड्यांवरून कळतं. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे कायदा डॉक्टरची चिठ्ठी मागतो आणि देश मेडिकलवाल्याकडे जातो. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनने मे २०२० मध्ये अंदाज मांडला की २५ मार्चपासूनच्या तीन महिन्यांत होऊ घातलेल्या ३९ लाख गर्भपातांपैकी १८ लाख ५० हजारांमध्ये अडथळा आला असणार, आणि त्यातही मोठा वाटा दवाखाने बंद असण्याचा नव्हता, तर दुकानात गोळ्या न मिळण्याचा होता. दुसऱ्या एका संस्थेने, फाउंडेशन फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सर्व्हिसेस इंडियाने, अडीच कोटींहून अधिक जोडपी गर्भनिरोधकांना मुकतील असा हिशेब केला. हे सगळे टाळेबंदी चालू असताना मांडलेले अंदाज होते, मोजणी नव्हती, आणि ते तेवढ्याच बेताने घ्यावेत. गोळ्यांच्या टंचाईचं मूळ तरी साथीआधीचंच. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या मोहिमेत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांवर इतकी नजर ठेवली की दुकानदारांनी तो माल ठेवणंच सोडून दिलं. गंमत अशी की ज्या सोनोग्राफीवर खरी नजर हवी, तिच्या नियमांतली काही कलमं केंद्राने ४ एप्रिल २०२० ला ३० जूनपर्यंत स्थगित केली.

आता कायद्याकडे. गर्भपाताची मुदत काही गटांतल्या स्त्रियांसाठी २० आठवड्यांवरून २४ पर्यंत वाढवणारं विधेयक १७ मार्च २०२० ला लोकसभेत मंजूर झालं. टाळेबंदीला आठवडा उरला होता. राज्यसभेने ते १६ मार्च २०२१ ला मंजूर केलं, एक दिवस कमी वर्षभराने, आणि अंमल सुरू झाला २४ सप्टेंबर २०२१ ला, दुसरी लाटही ओसरल्यावर. ज्या वर्षी बायकांचे आठवडे घरात बसून वाया गेले, नेमक्या त्या वर्षी वाढीव मुदत कागदावरच राहिली. वीस आठवडे उलटले की उच्च न्यायालय गाठायचं, तेही संगणकाच्या पडद्यावर चालणारं. इंग्लंडने ३० मार्च २०२० ला, आपल्या टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, फोनवर डॉक्टरशी बोलून गर्भपाताच्या दोन्ही गोळ्या घरी घ्यायला परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती कायमची केली. आपल्याकडेही २५ मार्च २०२० ला फोनवरून औषधोपचाराचे नियम आले, आणि बंगळुरूत तर असल्या कंपन्यांचं पेवच फुटलं. पण फोनवर बोलायला घरात एक बंद दार लागतं. दोन खोल्यांत सहा माणसं, त्यातली तीन कामधंदा बंद म्हणून दिवसभर घरात, आणि फोन नवऱ्याच्या नावावरचा. म्हैसूर रोडच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या बाईला कारखान्याची जेवणाची सुट्टी हीच काय ती बोलायची वेळ होती, तीही गेली.

पाळत वाढली होती, हेही विसरता येत नाही. विलगीकरणातल्या माणसाने सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाला आपला सेल्फी सरकारला पाठवावा असा फतवा कर्नाटकाने ३० मार्च २०२० ला काढला. मनगटावर शिक्के मारले जात होते. काही राज्यांत, महाराष्ट्रातही, तापाची गोळी घेणाऱ्याचं नाव-फोन दुकानदाराने लिहून ठेवायचे आदेश होते. ते तापासाठी होते, हे खरं. पण वहीत नाव लिहिणाऱ्या दुकानात कोण जाऊन संबंधानंतर बहात्तर तासांत घ्यायची गोळी मागेल?

माणसांचं वागणं कसं बदललं? सुरुवातीचे सगळे विनोद पाळण्याचे होते. मार्चअखेर निरोधाची विक्री वाढल्याच्या बातम्या आल्या. खाजगी वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीने तर विक्री ६५ टक्क्यांनी वाढली आणि महाराष्ट्र, कर्नाटक आघाडीवर आहेत असं सांगितलं. विक्रेत्याने स्वतःच्या मालाबद्दल सांगितलेला आकडा आहे, त्याला तेवढंच वजन. मलेशियातली कारेक्स कंपनी जगातला दर पाचवा निरोध बनवते. मार्च २०२० मध्ये तिचे कारखाने काही दिवस बंद पडले तेव्हा जगभर टंचाई होणार म्हणून ओरड झाली. टंचाई तशी झालीच नाही. दोन वर्षांनी कंपनीच्या प्रमुखाने सांगितलं की वापर ४० टक्क्यांपर्यंत घटला, कारण हॉटेलं-मोटेलं बंद होती आणि सरकारी वाटप थांबलं होतं. हा खुलासा मला सगळ्या पाहण्यांपेक्षा बोलका वाटतो. निरोध मुख्यतः जोडप्यांच्या शयनगृहात वापरला जातो हा समज त्याने मोडला. तो वापरला जातो घराबाहेर, आणि घराबाहेरची जागाच नाहीशी झाली होती. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने मार्चमध्येच नागरिकांना हस्तमैथुनाचा सल्ला छापील पत्रकातून दिला, नेदरलँड्सने मे महिन्यात एकट्या माणसांना एकच जोडीदार ठरवून घ्यायला सुचवलं. आपल्याकडे असं काही बोलायची कुणाची छाती नव्हती. अपवाद बिहारचा: परतलेल्या मजुरांना विलगीकरण केंद्रातून घरी सोडताना तिथल्या सरकारने निरोधाची पाकिटं हातात दिली. महिनोन्महिने लांब राहिलेला नवरा घरी येतोय, घरी काही साधन नाही, हे ज्याने ओळखलं त्याला सलाम. असेच मजूर बंगळुरूत अडकले होते तेव्हा, मे २०२० मध्ये, कर्नाटकाने बिल्डरांशी झालेल्या बैठकीनंतर त्यांच्या गाड्या रद्दच केल्या होत्या.

आशाताईंची पिशवी हा वेगळाच धडा. २०११ पासून आशा कार्यकर्त्या घरपोच गर्भनिरोधकं देतात: तीन निरोध एक रुपयाला, गोळ्यांचं पाकीट एक रुपयाला, तातडीची गोळी दोन रुपयांना. टाळेबंदीत घरोघर जाणारी, दारावर थाप मारायचा हक्क असलेली ही एकच बाई होती. पण तिच्या हातात कोविडच्या पाहणीचे कागद दिले गेले. २ एप्रिलला बंगळुरूच्याच सादिक लेआउटमध्ये पाहणी करणाऱ्या आशांना धक्काबुक्की झाली, कारण त्या सरकारी यादी करायला आल्या अशी भीती पसरली होती. जिच्याजवळ सुना मन मोकळं करायच्या ती आता नाव लिहून नेणारी झाली. जुलैत राज्यातल्या सुमारे ४२ हजार आशा दरमहा १२ हजार मानधनासाठी संपावर गेल्या.

ज्यांच्याकडे आधीपासून स्वतःचं जाळं होतं त्यांचं थोडं बरं चाललं, आणि ते जाळं होतं समाजाने सर्वांत खाली लोटलेल्यांचं. २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' प्रकल्पाने कर्नाटकात एचआयव्हीचं काम उभं राहिलं, त्यातून धंदा करणाऱ्या स्त्रियांच्या, समलैंगिक पुरुषांच्या, तृतीयपंथीयांच्या संघटना बळकट झाल्या. बंगळुरूत मुंबई-पुण्यासारखी बदनाम वस्ती नाही. धंदा मॅजेस्टिकच्या बसस्थानकाजवळ, मार्केटच्या आसपास, रस्त्यावर आणि फोनवर चालतो. मे २०२० मध्ये येल आणि हार्वर्डच्या नावाने एक गणिती अभ्यास आला, मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, कोलकात्याच्या वस्त्या बंद ठेवल्या तर रुग्ण ७२ टक्क्यांनी घटतील असं सांगणारा. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेसारख्या संघटनांनी आणि इतरांनी त्यावर सडकून टीका केली. बंगळुरूच्या बाईला हे गणित लागूच नव्हतं. तिची वस्तीच नाही, तिचा रस्ता होता, आणि त्यावर पोलीस उभा होता.

या बायकांची पहिली भूक अन्नाची होती. गिऱ्हाईक नाही, भाडं थकलेलं, शिधापत्रिका गावाकडची किंवा नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र न मागता त्यांना कोरडा शिधा द्या असा आदेश दिला तो २९ सप्टेंबर २०२० ला, सहा महिने उलटल्यावर. महाराष्ट्राने नोव्हेंबरात ऑक्टोबर ते डिसेंबर अशा तीन महिन्यांसाठी दरमहा ५ हजार रुपये देऊ केले. तोवर व्याजाने पैसे काढून झालेले. पोट खपाटीला गेलेल्या बाईला गिऱ्हाईकाने निरोधाशिवाय दोनशे रुपये जास्त देऊ केले तर ती काय म्हणेल, हे वीस वर्षं तिला 'नाही' म्हणायला शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी निरोधाच्या आधी तांदूळ वाटला.

मग गोळ्या. एचआयव्हीवरच्या उपचाराची, म्हणजे एआरटीची, गोळी एक दिवस चुकवायची नसते. केंद्रावर महिन्याला जायचं, गर्दीत बसायचं, गोळ्या घ्यायच्या, ही पद्धत. मार्च २०२० मध्येच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला, जवळच्या कुठल्याही केंद्रातून द्यायला, घरपोच पाठवायला मुभा दिली. इतका झटपट आणि इतका शहाणा निर्णय त्या काळात दुसरा क्वचितच झाला असेल. पण नाक्यावरचा पोलीस विचारणार, कुठे निघालात? एआरटीचं पुस्तक दाखवलं तर पुढे सोडतील, आणि गल्लीत बातमी होईल. ही अडचण संघटनांच्या लोकांनी सोडवली. म्हैसूरच्या अशोदया समितीने, जी धंदा करणाऱ्यांचीच आहे, सरकारी केंद्रांशी बोलून गोळ्या सदस्यांपर्यंत पोचवल्या. असं काम करणाऱ्यांची काही साधी तंत्रं असतात: बाटलीवरचं लेबल काढायचं, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून कापसाचा बोळा दाबायचा, तांदळाच्या पिशवीत बाटली ठेवायची, घरात नेऊन न देता कोपऱ्यावर भेटायचं. शिधा आणलाय म्हटलं की कुणी दुसरं काही विचारत नाही. आडोसा असा पुन्हा उभा केला गेला.

बेळगाव-बागलकोटकडून धंद्यासाठी बंगळुरू, पुणे, सांगलीत गेलेल्या पुष्कळ बायका टाळेबंदीत गावी परतल्या. महाराष्ट्रातून येणारीला निपाणीजवळचा कोगनोळी नाका ओलांडावा लागायचा, आणि तिथे दोन राज्यांची तपासणी दोन वर्षं या ना त्या रूपात चालूच होती. नाव सांगलीच्या एआरटी केंद्रात, बाई हुक्केरी तालुक्यात. या हमरस्त्यावर निपाणी आणि संकेश्वरच्या मध्ये कणगला लागतं. तिथे एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीचा गर्भनिरोधकांचा कारखाना आहे. देशाला निरोध आणि गोळ्या पुरवणाऱ्या याच कंपनीला केंद्राने २०२० मध्ये पीपीई किट आणि मास्कच्या खरेदीचं काम दिलं. सरकारचा अग्रक्रम कसा सरकला ते याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

कणगल्याचं उदाहरण देऊन मी सरकारला दोष देत नाही. तेव्हा पीपीई लागतच होतं. माझा आक्षेप इतकाच की साथ म्हटलं की आपण एकच रोग धरतो आणि उरलेलं शरीर सोडून देतो, जसं रँडने धरलं होतं. १० मे २०२१ ला बंगळुरू पुन्हा बंद झालं तेव्हा पहिल्या वेळची शिकवण किती उरली होती? एआरटीच्या बाबतीत उरली होती. एकाच वेळी अधिक दिवसांच्या गोळ्या देण्याची पद्धत साथीनंतरही सुरू राहिली, आणि ज्यांना महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागायची त्यांचा त्यात फायदाच झाला. नसबंदीच्या यादीतल्या बायका पुन्हा पुढच्या तारखेवर गेल्या. बसवनगुडीतल्या मध्यमवर्गाने आपली सोय फोनवरच्या घरपोच सेवांमध्ये शोधली. दहा मिनिटांत पुडकं दारात, नाव विचारायला कुणी नाही, फक्त दार उघडायला सासूबाई आधी पोचू नयेत. हनुमंतनगरच्या उतारावरच्या चाळीत तीच वस्तू मिळवायला अजूनही दोन बसस्टॉप पुढे जावं लागतं. बस तेवढी सुरू झाली आहे, आणि जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचं तिकीटही पडत नाही.